घरच्या वायफायचा बंदोबस्त: मॅक फिल्टर की भक्कम पासवर्ड?

राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली आणि त्यात एखादा अनोळखी फोन दिसला, की पुढे दोन वाटा फुटतात. एक, मॅक फिल्टर लावायचा: ज्यांचे मॅक पत्ते (प्रत्येक उपकरणाची वायफायवरची बारा अंक-अक्षरांची ओळख) आपण नोंदवले तेवढीच उपकरणं आत, बाकी सगळी बाहेर. दुसरी, पासवर्ड मुळातून बदलायचा, डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटणाने किंवा पिनने जोडायची सोय) बंद करायचं आणि पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क काढायचं. मी दोन्ही वापरून पाहिल्या आणि आता दुसरीवर स्थिरावलो आहे. पहिलीत काही अर्थ नाही असं मात्र मी म्हणणार नाही.

आधी आत शिरणारा कोण आहे ते बघा, कारण निवड त्यावरच ठरते. पुण्यातल्या बहुतेक घरांत तो कोणी हॅकर नसतो. जोडणी द्यायला आलेला माणूस काम लवकर उरकावं म्हणून घरमालकाचा मोबाइल नंबरच पासवर्ड म्हणून टाकून जातो, आणि तोच नंबर सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांकडे असतो. वायफायच्या नेहमीच्या दोन पट्ट्यांपैकी २.४ गिगाहर्ट्झची रेंज एक-दोन भिंती आणि स्लॅब ओलांडते, त्यामुळे कोथरूड काय किंवा वाकड काय, वरच्या-खालच्या मजल्यावर ती आरामात मिळते. सदाशिव-नारायण पेठेत स्पर्धा परीक्षांची मुलं कॉट बेसिसवर राहतात. तिथे मुलगा खोली सोडतो, पण पासवर्ड त्याच्या फोनमध्ये तसाच राहतो. म्हणजे कुलूप फोडलं जाण्यापेक्षा किल्ल्या वाटल्या जाण्याचा प्रश्न मोठा आहे.

आणि हा प्रश्न फक्त स्पीड कमी होण्याचा नाही. २००८ साली अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी आलेला धमकीचा मेल नवी मुंबईतल्या एका घरच्या उघड्या वायफायवरून गेला होता, आणि तपास आधी त्या घरापर्यंत पोचला. बाहेरच्या जगाला आपल्या जोडणीचा एकच आयपी पत्ता दिसतो, आणि तो ज्याच्या नावावर, त्याच्याकडेच विचारणा होते.

मॅक फिल्टरची जमेची बाजू नेमकी इथे आहे. पासवर्ड दहा जणांकडे गेला असला, तरी यादीत नाव नसलेला फोन जोडला जात नाही. आजकाल पासवर्ड पसरायला वेळ लागत नाही. अँड्रॉइड १० पासून फोन क्यूआर कोड दाखवतो, आयओएस १६ पासून आयफोनमध्ये साठवलेला पासवर्ड सरळ वाचता येतो. अशा वेळी यादी हा दुसरा अडसर ठरतो. घरात उपकरणं मोजकी आणि ठरलेली असतील, समजा एक टीव्ही, एक कॅमेरा, दोन फोन, तर यादी दहा मिनिटांत तयार होते.

लावताना क्रम मात्र चुकवू नका. यादी रिकामी असताना ‘फक्त यादीतले’ हा पर्याय सुरू केला, तर ज्या लॅपटॉपवरून तुम्ही ते करत आहात तोच पहिला बाहेर फेकला जातो. मग लॅनची वायर लावून आत जावं लागतं, किंवा रिसेटचं बटण दहाएक सेकंद दाबून सगळं नव्याने भरावं लागतं. म्हणून आधी स्वतःच्या लॅपटॉपचा पत्ता टाका, तोही वायफायचा. लॅन पोर्टचा पत्ता वेगळा असतो. बऱ्याच फायबरच्या डब्यांवर (म्हणजे कंपनीने बसवलेल्या राउटरवर) २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या याद्या स्वतंत्र असतात. एकच भरली, तर दुसऱ्या बाजूचं दार उघडंच राहतं.

मॅक फिल्टरची तांत्रिक उणीव सर्वज्ञात आहे. वायफायचा मजकूर एन्क्रिप्ट होतो, पण पाकिटावरचा पत्ता होत नाही. मॅक पत्ता हवेतून उघडाच जातो. तो ऐकून स्वतःच्या लॅपटॉपला तोच पत्ता देणं एका आज्ञेचं काम आहे. पण खरं सांगायचं तर खालच्या मजल्यावरचा शेजारी एवढ्या खटाटोपात पडत नाही. माझ्यासाठी निर्णय या उणिवेमुळे झाला नाही.

निर्णय झाला तो फोनच्या बदलत्या पत्त्यामुळे. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० आणि २०२० मध्ये आयओएस १४ आल्यापासून फोन वायफायला आपला खरा पत्ता सांगतच नाहीत; प्रत्येक नेटवर्कच्या नावासाठी एक बनावट पत्ता तयार करतात. दुकानं-मॉलमध्ये आपला माग काढता येऊ नये म्हणून हे केलं आहे आणि ते योग्यच आहे, पण घरच्या यादीची त्यामुळे पुरती दैना होते. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झला दोन वेगळी नावं दिली असतील, तर एकाच फोनचे दोन पत्ते होतात. फोन फॅक्टरी रिसेट केला की पत्ता बदलतो. आयफोनमध्ये नेटवर्क ‘विसरून’ बऱ्याच दिवसांनी पुन्हा जोडलं तरी बदलू शकतो, आणि आयओएस १८ मध्ये ‘बदलता’ हा पर्याय निवडला असेल तर तो ठरावीक काळाने आपणहून बदलत राहतो.

यातली सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे फोन कारण सांगत नाही. पासवर्ड बरोबर असतो, रेंज पूर्ण असते, आणि पडद्यावर नुसतं ‘कनेक्ट होऊ शकलं नाही’ एवढंच येतं. काही फोन तर पासवर्ड चुकीचा असल्याचं सांगतात. घरातली माणसं तोच पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत बसतात, मग राउटर बंद-चालू करतात, मग कंपनीला फोन लावतात. खरं कारण ज्याला माहीत आहे तो नेमका त्या वेळी हिंजवडीत ऑफिसात असतो. आईला फोनवरून ‘बारा अंक-अक्षरं वाचून दाखव, त्यात बी आहे का डी ते नीट बघ’ असं विचारावं लागतं. एक अक्षर चुकलं की पुन्हा तेच. सात-आठ माणसांच्या घरात फोन, लॅपटॉप, टीव्ही मिळून वीसेक पत्ते सहज होतात, आणि राउटर बदलला की ते सगळे नव्याने.

बनावट पत्ता ओळखायची खूण सोपी आहे: पत्त्याचं दुसरं चिन्ह २, ६, ए किंवा ई असेल तर तो बहुधा फोनने बनवलेला. उपायही आहे. आयफोनमध्ये वायफायच्या नावासमोरच्या ‘आय’वर दाबून खाजगी पत्ता बंद करायचा, अँड्रॉइडमध्ये त्या नेटवर्कच्या प्रायव्हसीत जाऊन ‘डिव्हाइस मॅक’ निवडायचा. पण हे प्रत्येक फोनवर, प्रत्येक माणसाला सांगून करावं लागतं, आणि गौरी-गणपतीला आलेल्या दहा पाहुण्यांच्या फोनची सेटिंग्ज बदलायला मागणं मला तरी बरोबर वाटत नाही. घरात रेंज एक्स्टेंडर असेल तर आणखी एक गुंता होतो. काही एक्स्टेंडर मागच्या फोनचा पत्ता राउटरला स्वतःच्या पद्धतीने बदलून सांगतात. मग यादीत असलेला फोन हॉलमध्ये चालतो आणि मागच्या बेडरूममध्ये चालत नाही.

आता दुसरी वाट. इथे सगळं काम पासवर्डच्या लांबीवर आहे. डब्ल्यूपीए२ या वायफायच्या सुरक्षेच्या प्रकारात जोडणीच्या वेळची देवाणघेवाण कोणी हवेतून टिपली, तर तो घरी बसून हवे तितके अंदाज लावू शकतो. राउटरला कळतही नाही. चांगल्या ग्राफिक्स कार्डावर सेकंदाला चार लाख अंदाज धरा. आपले मोबाइल नंबर ६ ते ९ ने सुरू होतात, म्हणजे एकूण ४ अब्ज शक्यता. पावणेतीन तासांत सगळे तपासून होतात. याउलट एकमेकांशी संबंध नसलेले पाच शब्द घ्या, जसे विळी, बोगदा, तिकीट, हळद, कंदील, आणि ते रोमन अक्षरांत सलग लिहा. दोन हजार शब्दांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले असतील, तर त्याच वेगाने सगळ्या शक्यता तपासायला अडीच हजार वर्षं लागतील. मर्यादा ८ ते ६३ चिन्हांची आहे, त्यामुळे जागेची अडचण नाही. आजीलाही हे पाच शब्द पाठ होतात. (वरचे पाच मात्र वापरू नका, ते आता छापले गेले.)

सुरक्षेच्या प्रकारात डब्ल्यूपीए३ हा त्याच्या पुढचा प्रकार दिसत असेल तर ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ हा मिश्र पर्याय निवडा. डब्ल्यूपीए३ वरच्यासारखे घरबसल्या अंदाज लावू देत नाही, पण जुने प्रिंटर आणि स्वस्तातले स्मार्ट प्लग त्याला जोडले जात नाहीत, म्हणून नुसतं ३ ठेवलं की ते बंद पडतात. डब्ल्यूपीए३ नसेल तर डब्ल्यूपीए२ आणि त्यात एईएस ही एन्क्रिप्शनची पद्धत. टीकेआयपी ही जुनी पद्धत चुकूनही नको. ते कमकुवत आहेच, शिवाय त्यामुळे स्पीड ५४ एमबीपीएसच्या आत अडकतो.

डब्ल्यूपीएस बंद करणं हे ऐच्छिक समजू नका. त्याचा पिन आठ आकडी असला तरी शेवटचा आकडा पडताळणीचा, आणि उरलेले सात राउटर ४ आणि ३ असे तोडून तपासतो. म्हणजे एक कोटी शक्यतांऐवजी फक्त ११,०००. हे २०११ मध्येच उघड झालं. पाच शब्दांचा पासवर्ड लावून पिन चालू ठेवणं म्हणजे पुढच्या दाराला लोखंडी जाळी आणि मागचं दार उघडं.

किल्ल्या वाटल्या जाण्यावर इलाज गेस्ट नेटवर्कचा. मुख्य पासवर्ड फक्त घरातल्यांना. पाहुणे, भाडेकरू, शिकवणीची मुलं, दुरुस्तीला आलेला माणूस, सगळे गेस्टवर. गणपती उठले की गेस्टचा पासवर्ड बदलायचा. घरातल्या एकाही फोनला हात लावावा लागत नाही. माझ्या लेखी पारडं इथे झुकतं: यादीच्या वाटेवर रोजची किरकोळ देखभाल कायम घरातल्या एकाच माणसाच्या गळ्यात पडते, इथे ती वर्षातून दोन-तीनदा, दोन मिनिटांची.

पण गेस्ट खरंच वेगळं आहे का, ते तपासून घ्या. फायबरच्या डब्यावर ‘दुसरं एसएसआयडी’ (म्हणजे नेटवर्कचं दुसरं नाव) म्हणून जे मिळतं, ते पुष्कळदा नावालाच वेगळं असतं; आतून नेटवर्क एकच. फोन गेस्टला जोडा, मोबाइल डेटा बंद करा आणि ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका: १९२.१६८.१.१, १९२.१६८.०.१ किंवा डब्याच्या तळाशी जो छापला असेल तो. लॉगिनचं पान उघडलं, तर पाहुण्याला तुमच्या घरातला कॅमेरा आणि प्रिंटरही दिसू शकतो. मग पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तापकीर गल्लीतून किंवा कुठूनही एक साधा राउटर आणून डब्याला लॅनने जोडावा आणि गेस्ट त्याच्यावर काढावं.

असं केलं, तर डब्याचं स्वतःचं वायफाय बंद करायला विसरू नका. ही चूक फार घरांत दिसते: नव्या राउटरला उत्तम पासवर्ड, आणि कोपऱ्यातला जुना डबा अजून मोबाइल नंबरवर चालूच. दोन्हीच्या अ‍ॅडमिन पानांचे पासवर्डही बदला, कारण काही राउटरच्या गेस्टवरून मागच्या डब्याचं पान तरीही उघडतं.

या वाटेचा त्रास नाही असं नाही. मुख्य पासवर्ड एकदा बदलला की टीव्ही, कॅमेरे, स्मार्ट प्लग, गिझरचा स्विच, सगळे तुटतात. प्लगसारख्या बिनपडद्याच्या वस्तू एकेक करून पुन्हा बसवाव्या लागतात. अर्धा रविवार त्यात जातो. म्हणून हा पासवर्ड एकदाच, विचार करून ठेवा. पुढे राउटर बदलला तर नव्याला तेच नाव, तोच पासवर्ड आणि सुरक्षेचा तोच प्रकार द्या, सगळी उपकरणं आपोआप जोडली जातात. आणखी एक मर्यादा: गेस्टवरच्या फोनवरून घरच्या प्रिंटरला किंवा टीव्हीला काही पाठवता येत नाही. पाहुण्यांना फोटो टीव्हीवर दाखवायचे असतील तर ते घरातल्या कोणाच्या फोनवर घ्यावे लागतात.

नेटवर्कचं नाव लपवण्याचा सल्लाही बरेच जण देतात. तो सोडून द्या. नाव लपवलं की फोनच जिथे जाईल तिथे ते पुकारत फिरतो.

मग मॅक फिल्टर कोणी लावावा? जिथे माणसं कमी आणि यंत्रं ठरलेली आहेत, तिथे. गावाकडचं बंद घर, फक्त कॅमेरे आणि रेकॉर्डर असलेलं दुकान, गोडाऊन. अशा यंत्रांचे पत्ते सहसा बदलत नाहीत, त्यामुळे यादी एकदा भरली की टिकते. तिथेही वरचा पासवर्ड आणि बंद डब्ल्यूपीएस हवंच. राहत्या घरात, विशेषतः जिथे माणसांची ये-जा आहे, तिथे तुम्हाला यादीचा कंटाळा सहा महिन्यांत येईल असा माझा अंदाज आहे, आणि कंटाळून ती बंद केली त्या दिवशी मागे उरेल तो जुना मोबाइल नंबरच. सुरुवात आज करायची तर आधी डब्ल्यूपीएस बंद करा, मग गेस्ट काढून तपासा आणि मुख्य पासवर्ड शेवटी बदला, तोही सगळे घरी असतील अशा दिवशी.