नॅनोट्यूबवाली शोषक शीट: 10 गिगाहर्ट्झला पैसे वसूल, खाली मात्र नाही

सिलिकॉनमध्ये कार्बन नॅनोट्यूब मिसळलेली ही 2.5 मिमी जाडीची काळी शीट धातूवर चिकटवून रडार लहरींचं परावर्तन कमी करायला, एक्स बँडसाठी (8 ते 12 गिगाहर्ट्झ) आहे, आणि तिथे ती खरंच चालते. जाडी शीटच्या आतल्या तरंगलांबीच्या पाव भागाएवढी ठेवली की पुढून आणि मागच्या धातूवरून परतणाऱ्या लाटा एकमेकींना मारतात. गणित सरळ आहे. 10 गिगाहर्ट्झची तरंगलांबी 30 मिमी, तिचा पाव भाग 7.5 मिमी. शीटचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (आत लाट किती आखडते ते ठरवणारा आकडा) 9 धरला तर त्याच्या वर्गमुळाने, म्हणजे 3 ने, भागा: बरोबर 2.5 मिमी.

जाडी एकाच फ्रीक्वेन्सीला जुळते, यामुळेच परावर्तनाच्या आलेखातला -20 डीबीचा (म्हणजे फक्त 1 टक्का शक्ती परत) खड्डा अरुंद असतो. 2.4 गिगाहर्ट्झच्या सर्किटच्या डब्यात झाकणाला हीच शीट चिकटवून उपयोग नाही. धातूलगत विद्युतक्षेत्र जवळजवळ शून्य, आणि कार्बन शोषतो ते विद्युतक्षेत्रच. तिथे कार्बोनिल आयर्नची (बारीक लोखंडी भुकटीची) चुंबकीय शीट घ्या, वजन वाढलं तरी.

‘जास्त नॅनोट्यूब म्हणजे जास्त शोषण’ या जाहिरातीला भुलू नका. प्रमाण वाढलं की नळ्यांचं सलग जाळं होतं, शीट धातूसारखी वागते आणि लाट पृष्ठभागावरूनच परतते.

साधा गोंद सिलिकॉनवर धरत नाही, आरटीव्ही सिलिकॉनच (खोलीच्या तापमानाला घट्ट होणारं) लागतं. तेही पातळ आणि एकसारखं पसरा: मागे अर्धा मिमी थर राहिला तरी खड्डा खालच्या फ्रीक्वेन्सीकडे सरकतो. कापलेली कड वीज वाहून नेऊ शकते, उघड्या ट्रॅकपासून लांब ठेवा. कापायला धारदार ब्लेडच वापरा. घासायची वेळ आलीच तर एन95 मास्क हवा.