भुसावळचं जुन्या फोटोंचं दुकान: कोनी आयलंड आणि आपली यात्रा एकाच टेबलावर

मागच्या महिन्यात मामाकडे भुसावळला गेलतो तेव्हा मामेभाऊ म्हणे चल तुला एक दुकान दाखवतो, तू तिथून उठणार नाहीस. आणि तसंच झालं, साडेतीन तास कुठे गेले कळलं नाही. स्टेशनपासून दहा मिनिटं चालत, खाली सायकल दुरुस्ती, वर जिन्याने गेलं की दोन खोल्या, पाटी वगैरे काही नाही. आत जुने फोटो, पोस्टकार्डं, तिकिटं, बिल्ले, आणि त्यातही दुकानवाल्या काकांचा जीव ज्यात आहे ते म्हणजे पाळणे, झुले, जुनी अम्युझमेंट पार्कं.

मला पहिला प्रश्न हाच पडला की हे भुसावळात आलं कुठून. काका म्हणाले इथे रेल्वेतली अँग्लो इंडियन कुटुंबं होती ना, त्यांचे नातेवाईक इंग्लंडला, ते सुट्टीत ब्लॅकपूलला, म्हणजे तिथल्या समुद्रकाठच्या पाळण्यांच्या गावाला, फिरायला गेले की तिथलं कार्ड इकडे टाकायचे. पुढे ती कुटुंबं पण निघून गेली आणि पेट्याच्या पेट्या रद्दीत आल्या, काकांनी त्या किलोवर घेतल्या. बाकीचा माल मुंबईच्या चोरबाजारातला आणि बाहेरच्या कलेक्टर लोकांशी अदलाबदल करून आलेला.

ब्लॅकपूलचा गठ्ठा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात स्वस्त, १५० पासून ३०० पर्यंत. त्यात कॅप्टिव्ह फ्लाइंग मशीनचं एक कार्ड आहे, उंच खांबाला तारांनी लटकवलेले पाळणे गोल फिरतायत आणि फिरता फिरता बाहेर फेकले जातायत. हे १९०४ साली हायरम मॅक्सिमने बनवलं, हो तोच मशीनगनवाला मॅक्सिम, आणि ते आजही चालू आहे! सव्वाशे वर्षं होत आली. मी ते लगेच बाजूला काढलं.

मग काकांनी कोनी आयलंडची फाईल दिली आणि मी खरंच गप्प झालो. न्यूयॉर्कच्या समुद्रकाठी एकमेकांच्या जवळ तीन पार्कं होती, स्टीपलचेस १८९७, लूना पार्क १९०३, ड्रीमलँड १९०४. लूना पार्कचा रात्रीचा फोटो बघा, अडीच लाख दिवे म्हणतात, प्रत्येक मनोऱ्याची कड न कड दिव्यांनी काढलेली आणि खाली माणूसच दिसत नाही, कारण शटर इतका वेळ उघडं ठेवायचे की चालणारी माणसं फोटोत उमटायचीच नाहीत. ड्रीमलँडच्या एका कार्डावर कोणीतरी चित्राच्या कडेला बारीक अक्षरात मजकूर कोंबलाय, मला वाटलं कार्ड खराब केलं, तर काकांनी सांगितलं की अमेरिकेत १९०७ च्या आधी मागच्या बाजूला फक्त पत्ता लिहायची परवानगी होती, म्हणून लोक पुढेच लिहायचे, म्हणजे तो मजकूरच कार्डाचं वय सांगतो. ते ड्रीमलँड १९११ मध्ये सीझन सुरू व्हायच्या आदल्या रात्री आगीत गेलं. सात वर्षं फक्त. आता ते अशा कार्डांवरच उरलंय.

काकांचा प्रामाणिकपणा मला सगळ्यात आवडला. शिकागोचं पहिलं फेरिस व्हील, म्हणजे आपलं जायंट व्हील, १८९३ चं, २६४ फूट उंच, ३६ डबे, एकेका डब्यात ६० माणसं, त्याचा मोठा फ्रेम केलेला फोटो भिंतीवर आहे आणि त्याच्या मागे पेन्सिलने चक्क ‘रिप्रिंट’ लिहिलंय, किंमत पण तशीच कमी. ओरिजिनल कसं ओळखायचं ते पण हातात भिंग देऊन शिकवतात. छापील कार्डात ठिपके दिसतात, खऱ्या फोटोत रंग सलग उतरत जातो, जुन्या प्रिंटच्या काळ्या भागाला कडेला चांदीसारखी चकाकी येते. शेवटी अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारायचा, कागद निळा चमकला तर तो १९५० च्या आसपासचा किंवा नंतरचा, कारण कागद पांढरा दिसायचं केमिकल त्याच सुमारास आलं. मी याआधी ऑनलाइन १९२० चे म्हणून घेतलेले दोन फोटो घरी येऊन तपासले, दोन्ही ट्यूबलाइटसारखे चमकले. फार वाईट वाटलं.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय ते. टेबलावर एक अमेरिकन फोटो होता, १२०० रुपये, लाकडी चंद्रकोरीवर एक जोडपं बसलंय, मागे रंगवलेल्या चांदण्या. तिकडे पार्कात असे स्टुडिओ असायचे. आणि त्याला लागूनच आपल्या खान्देशातल्या यात्रेचा फोटो, तसाच चंद्र, पुठ्ठ्याचा, त्यावर नवी नवरी डोक्यावर पदर घेऊन आणि नवरा टोपी घालून ताठ बसलेला. दोन्ही फोटो सारख्याच पाकिटात, सारखंच लेबल, सारखीच काळजी. आपल्याकडे यात्रेचा फोटो कोण जपतं सांगा? चाळीसगावला फोटोग्राफर केकी मूस यांचं कलादालन आहे म्हणून त्यांचं काम बघायला मिळतं, पण यात्रेत पडदा लावून दोन रुपयात फोटो काढून देणाऱ्याचे फोटो पत्र्याच्या डब्यात सडले. काका यात्रेचे फोटो विकत नाहीत, फक्त कॉपी काढून देतात, ८० रुपये. तुमच्याकडे असतील तर घेऊन जा, समोर स्कॅन करतात, ओरिजिनल लगेच परत देतात, आणि गाव, यात्रा, माणसांची नावं विचारून वहीत लिहून ठेवतात.

मी अंमळनेरचा. सखाराम महाराजांच्या यात्रेत बोरी नदीच्या पात्रात पाळणे लागतात ते बघतच मोठा झालो. फाईलमध्ये नदीच्या वाळूत उभा लाकडी पाळणा दिसला, चार डबे, एक माणूस आऱ्याला लटकून आपल्या वजनाने तो फिरवतोय. त्याची कॉपी आणून आईला दाखवली तर चष्मा न लावताच अहिराणीत म्हणाली, “हाऊ ते आपला नदीमाना पायना शे ना!” मग बराच वेळ हातातून खाली ठेवलाच नाही तिने.

दोन गोष्टी मात्र सुधारायलाच पाहिजेत. पश्चिमेच्या खिडकीसमोर काही ओरिजिनल फ्रेम लावल्यात, भुसावळचं ऊन आणि त्यात तो प्रकाश, त्यातला एक फोटो स्पष्टच पिवळा पडलाय. मी सांगितलं तर काका म्हणाले पडदा लावतो, पुढच्या वेळी बघेन. आणि जिना फार उभा आहे, वयस्कर माणसाला न्यायचं असेल तर आधी खाली सायकलवाल्याला सांगा, तो काकांना हाक मारतो आणि ते फाईल घेऊन खाली येतात. दिल्लीच्या अप्पू घरची जुनी तिकिटं पण आहेत, एशियाडचा हत्ती छापलेली, पण ४०० रुपये मला जास्त वाटले, ते पार्क १९८४ चं, तिकिटं अजून बऱ्याच घरांत निघतील.

अकरानंतर जा, दुपारी दोन ते चार बंद असतं. हात धुवून मगच फाईलला हात लावू देतात, बाहेर गॅलरीत नळ आहे.