वकिलीची केस, एमबीएची केस

बेळगावच्या टिळकवाडीत आमच्या घरी एकाच टेबलावर दोन केसेस उघड्या पडलेल्या असतात. भाचा एलएलबीला, भाची एमबीएला.

भाच्याची केस निकाल लागून गेलेली. केशवानंद भारती, १९७३, संसदेला राज्यघटना किती बदलता येते यावरचा सुप्रीम कोर्टाचा निकाल: १३ न्यायाधीश, ७ विरुद्ध ६. काय ठरलं ते गाईडात एका ओळीत मिळतं. का ठरलं यासाठी ११ वेगवेगळी मतं चाळावी लागतात. हा पठ्ठ्या पेन्सिलीनं समासात 'बंधनकारक', 'ओघात म्हटलेलं' असं लिहीत बसतो. हेडनोटवर, म्हणजे निकालाच्या वर छापलेल्या सारांशावर, भागवणारे इथंच फसतात. हेडनोट हा निकालाचा भाग नसतोच.

भाचीची केस म्हणजे एखाद्या कंपनीची अडचण, अर्ध्यावर सोडलेली. थोडी पानं, मागं आकड्यांचे तक्ते, शेवटी 'तुम्ही मॅनेजर असता तर?' एकच बरोबर उत्तर नसल्यामुळं वर्गात बडबड्यांचं फावतं, हे मला खटकतं.

गंमत म्हणजे केसवरून शिकवायची ही पद्धत वकिलांचीच. हार्वर्डच्या लॉ स्कूलात डीन लँगडेलनं ती १८७० च्या सुमारास आणली, बिझनेस स्कूलनं नंतर उचलली.

मला विचाराल तर आधी भाच्याची शिस्त. उद्यमबागेतल्या फाउंड्रीतही कास्टिंगला, म्हणजे साच्यात ओतलेल्या भागाला, भोकं पडली की आधी 'का' विचारतात: साच्याच्या वाळूत ओल जास्त होती, की वाफेला वाटच नव्हती?