ज्या जगात कुणीतरी कामाला जातं
(अलीकडच्या तीन कादंबऱ्या: एक अद्भुत, एक विज्ञानकथा, एक भयकथा)

पहिल्याच प्रकरणात एक अधिकारी मरून पडलाय आणि त्याच्या अंगातून फुटलेला झाडांचा झुपका थेट छतापर्यंत गेलाय. रॉबर्ट जॅक्सन बेनेट यांच्या ‘द टेंटेड कप’ची ही सुरुवात. पुस्तक मिटल्यावर मात्र माझ्या मनात झाडापेक्षा जास्त राहिल्या त्या काचेच्या कुप्या. तपासाला आलेला तरुण, दिनिओस कोल, एक छोटी कुपी उघडतो, हुंगतो आणि मग कामाला लागतो. त्याच्यात असा बदल घडवलेला आहे की पाहिलेलं-ऐकलेलं तो काहीच विसरत नाही. पण साठवलेलं नेमकं वर काढायला वासाची खूण लागते. जागेवर एक वास घ्यायचा, नंतर वरिष्ठांसमोर उभं राहून तोच पुन्हा घ्यायचा, की तिथली वस्तू न वस्तू, शब्द न शब्द बाहेर येतो.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. नळ्या, लेबलं, नोंदी यातच माझा दिवस जातो. नळीवरचं लेबल चुकलं तर आतल्या नमुन्याचा काही उपयोग राहत नाही. त्यामुळे ती कुपी वाचताक्षणी मला हे जग पटलं. वास हे त्याचं लेबल आहे. अद्भुत कादंबरी हातात घेतली की मी आधी हेच शोधते: इथं सकाळी उठून कुणी कामाला जातं का? जादू, राक्षस, परग्रह सगळं मान्य. पण त्या जगात भिंत कोण बांधतं, कोण झाडतं, कोण हिशेब ठेवतं हे लेखकाला ठाऊक नसेल, तर शंभर पानांत माझं लक्ष उडतं.

बेनेटना ते ठाऊक आहे. त्यांच्या साम्राज्यात दर पावसाळ्यात समुद्रातून अजस्र प्राणी किनाऱ्याकडे येतात. त्यांना थोपवणाऱ्या भिंती अभियंते सांभाळतात, आणि खून पडताहेत ते नेमके अभियंत्यांचे. एका माणसाचा मृत्यू म्हणजे भिंतीला पडलेली फट, हे आपल्याला हळूहळू कळत जातं आणि पोटात गोळा येतो. तपासाची सूत्रं ॲना दोलाब्रा या विक्षिप्त बाईंच्या हातात. जगाचा मारा सहन होत नाही म्हणून त्या डोळ्यांवर पट्टी बांधतात, घराबाहेर सहसा पडत नाहीत, पुस्तकाच्या पानावर बोटं फिरवून वाचतात. आणि ज्याला काहीच विसरता येत नाही त्या दिनिओसला अक्षरं वाचताना त्रास होतो, तो ते लपवून ठेवतो. ही लपवाछपवी फार हळुवार लिहिली आहे. शेवटाकडे ॲनाबाई सगळ्यांना बसवून उलगडा करतात ते मात्र लांबलंय, आणि नावांचा गोंधळ होतो. मी पहिल्या पन्नास पानांत कागदावर यादीच केली होती. २०२४ सालच्या या कादंबरीला २०२५चा ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथा आणि अद्भुतकथांसाठीचा पुरस्कार मिळाला. माझ्या मते तो योग्य हातात गेला.

विज्ञानकथेत रे नेलर यांची ‘द माउंटन इन द सी’ (२०२२). व्हिएतनाममधल्या कॉन दाओ द्वीपसमूहाजवळच्या समुद्रात ऑक्टोपस चिन्हांची भाषा वापरताहेत अशी शंका येते आणि डॉ. हा न्गुयेन त्याचा अभ्यास करायला जातात. सोबतीला एव्रिम, माणसासारखा यंत्रमानव. खऱ्या ऑक्टोपसला सुमारे ५० कोटी चेतापेशी असतात आणि त्यातल्या बहुतेक मेंदूत नसून हातांमध्ये असतात. पण आयुष्य तोकडं, सामान्य जातीत एक-दोन वर्षांचं, आणि अंड्यांतून पिल्लं बाहेर येतात त्या सुमारास आई संपते. आईनं शिकवायचं आणि लेकरानं शिकायचं, याला वेळच नाही. मग भाषा, संस्कृती येणार कुठून? नेलर या अडचणीला बगल देत नाहीत, सगळं कथानक तिच्यावरच उभं करतात, आणि म्हणून मी त्यांना मानते.

याच पुस्तकात एक मासेमारीचं जहाज आहे. कप्तान कृत्रिम बुद्धिमत्ता, खलाशी मात्र पळवून आणलेली माणसं, गुलाम. त्यांतला एइको मनातल्या मनात एक घर बांधतो आणि जे जे विसरायचं नाही ते त्या घराच्या खोल्यांत ठेवत जातो. जाळी ओढणारे हात आणि डोक्यात ते घर! ही प्रकरणं मी दोनदा वाचली. त्या मानानं एका हॅकरचा धागा मला उपरा वाटला. संवादही अधूनमधून व्याख्यानासारखे होतात. तरी या यादीत माझ्या सर्वांत जवळचं पुस्तक हेच.

भयकथेकडे येते. सिल्व्हिया मोरेनो-गार्सिया यांची ‘मेक्सिकन गॉथिक’ २०२० सालची, म्हणजे अगदी नवी नव्हे, पण गेल्या काही वर्षांतल्या भयकथांबद्दल बोलताना ती टाळता येत नाही. काळ १९५०चा. नव्यानं लग्न झालेल्या बहिणीचं चमत्कारिक पत्र येतं आणि नोएमी ही हौशी, बोलघेवडी तरुणी डोंगरावरच्या वाड्यावर पोचते. जेवताना बोलायचं नाही, सिगारेट ओढायची नाही, पडदे उघडायचे नाहीत. भिंतीवरच्या कागदावर बुरशी.

बुरशीशी माझा रोजचा संबंध. पेट्री डिशमध्ये, म्हणजे झाकणाच्या उथळ बशीत, ती वाढताना आधी काहीच दिसत नाही, मग एके सकाळी झाकणाखाली कापसासारखा पांढरा लोंढा. त्या दृश्यात किळस कमी आणि दरारा जास्त असतो, आणि लेखिकेनं हा दरारा बरोबर पकडलाय. घरातला फ्रान्सिस हा मवाळ मुलगा अळंबीच्या बीजाणूंचे ठसे घेतो. टोपी कागदावर उपडी ठेवायची, काही तासांनी उचलायची. खाली बारीक भुकटीचं चक्र उमटलेलं असतं, टोपीखालच्या पडद्यांचा पट्टा न पट्टा मोजता येईल इतकं रेखीव. इतक्या नाजूक गोष्टीतून भीती उभी करायची याला हिंमत लागते.

पण मला खरी धडकी भरली ती खाणीनं. वाड्याची श्रीमंती चांदीच्या खाणीतून आली. साथीत कामगार मेले तेव्हा इंग्रज मजुरांना थडगी मिळाली आणि मेक्सिकन मजुरांना खड्ड्यात टाकलं, हे बोलता बोलता अगदी सहज येतं. वाड्यात कुणी कष्ट करताना दिसत नाही, सगळे कष्ट आधीच जमिनीखाली गेलेत. पूर्वार्ध संथ आहे, स्वप्नांची पुनरावृत्ती दमवते. दीडशे पानांपर्यंत तग धरा, पुढे पुस्तक खाली ठेवता येत नाही. बुरशीचं रहस्य मी सांगणार नाही.

रात्री वाचणाऱ्यांनी हे तिसरं पुस्तक सुटीच्या दिवशी घ्यावं. मी कामाची पाळी संपवून, दमून आल्यावर घेतलं आणि पहाटे अडीचला शेवटचं पान उलटलं. सकाळी लॅबमध्ये इन्क्युबेटरचं दार उघडताना हात क्षणभर थांबला.