न टोचणारा गणवेश : इचलकरंजीतल्या एका शिवणकाम करणाऱ्या काकूंच्या कामाबद्दल

गेल्या जूनपर्यंत आमच्या घरात सकाळी सव्वासहा ते सात नुसती रडारड असायची. शर्टाची कॉलर टोचते, मोज्यात बोटांपाशी दोरी आहे, पाठीवर मुंगी चालते. मी ओरडायचो. एकदा हातही उगारला. ते आठवलं की अजून पोटात कालवतं. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत आहे. तिला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याची आणि सतत चुळबुळ होण्याची अडचण, असल्याचं गेल्या वर्षी कळलं आणि मग थेरपिस्ट मॅडमनी कपड्यांचं कोडं उलगडून सांगितलं. कपडे टोचणं हा काही एडीएचडीच्या निदानाचा निकष नाही, पण अशा बऱ्याच मुलांना स्पर्श जास्त जाणवतो. आपण अंगात घातलेला शर्ट थोड्या वेळात विसरून जातो, तिला तो विसरता येत नाही. म्हणजे वर्गात फळ्याकडंही बघायचं आणि कॉलरशीही झगडायचं.

मी सतरा वर्षं सायझिंगमध्ये आहे. ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला खळ लावून बीम, म्हणजे सुताचे मोठे रूळ, भरणं हे रोजचं काम. खळीशिवाय सूत मागावर टिकत नाही, तुटतं. ती खळ पुढं प्रोसेसमध्ये धुऊन काढतात, पण कापड दुकानात कडक, भरदार दिसावं म्हणून फिनिशिंगला पुन्हा काही ना काही लावलं जातं. हे सगळं मला पाठ, आणि माझ्याच लेकीला कापड का टोचतंय हे मात्र कळलं नव्हतं.

रेडिमेड गणवेश उलटा करून बघितला तेव्हा एकेक गोष्ट सापडत गेली. कापड टेरिकॉट, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेलं. कॉलरमध्ये ती ताठ राहावी म्हणून घातलेलं जाड बकरम. काखेत ओव्हरलॉकची, म्हणजे दोरे निघू नयेत म्हणून दोऱ्यानं गुंडाळून शिवलेली, फुगीर कड. मापाचं लेबल तंगुसासारख्या धाग्यानं शिवलेलं. मी ते कात्रीनं कापलं, तर धाग्याची टोकं उरली आणि ती लेबलापेक्षा जास्त टोचायला लागली. लेबल कापू नका, शिवण उसवून मुळापासून काढा.

ह्या काकूंचं नाव मेहुणीनं सुचवलं. घरातल्याच पुढच्या खोलीत मशीन आहे. त्यांनी आधी माप घेतलंच नाही. लेकीला जवळ बसवून विचारलं, "कुठं कुठं टोचतंय गं बाळ? बोट लावून दाखव." तिनं मान, काखा, कंबर, मनगट दाखवलं. तिला हे असं आधी कुणीच विचारलं नव्हतं. माझ्यासकट.

शर्टासाठी मी सुती कँब्रिक नेलं, बारीक सुताचं. आपल्या गावच्या मागांवर रोज निघणारं साधं कापड. काकूंनी ते रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच कापलं, म्हणून धुतल्यावर आटलं नाही. कॉलरमध्ये बकरम नाही, कापडाचीच दुहेरी घडी. शाळेला डॉक्टरांची चिठ्ठी दिली, रंग आणि नमुना तोच ठेवला, त्यामुळं अडचण आली नाही. आतल्या सगळ्या कडा दुमडून शिवलेल्या, खुली कड कुठंच नाही. पिनोच्या, म्हणजे शर्टावर घालायच्या बिनबाह्यांच्या फ्रॉकच्या, कमरेला इलॅस्टिक फक्त मागं, तेही रुंद आणि कापडाच्या आत.

सगळ्यात सुंदर काम म्हणजे आत घालायची शमीज. काकू म्हणाल्या, "तान्ह्या बाळाचं झबलं कसं शिवतो? शिवण बाहेर, बंद बाहेर. मग मोठ्या पोरीला का नको?" मलमलीच्या तीन शमिजी त्यांनी तशाच शिवल्या, शिवण बाहेरून. गणवेशाच्या आत असल्यानं कुणाला दिसत नाही. लेकीनं पहिली घातली आणि काही बोललीच नाही, तशीच खेळायला पळाली. आमच्या घरात कपडा घालून काहीच न बोलणं ही फार मोठी गोष्ट आहे.

ट्रायलही त्यांची वेगळी. मांडी घालून बसायला लावलं, वाकून वहीत लिहायला लावलं, दप्तर पाठीवर देऊन उड्या मारायला लावल्या. उभ्यानं ठीक वाटलेली काख लिहिताना काचली, ती तिथंच उसवून मोकळी केली. माझ्या मुलीला बाह्या सैल फडफडलेल्या चालत नाहीत, अंगाबरोबर लागतात. दुसऱ्या मुलाला नेमकं उलटं हवं असेल, म्हणून मूल सोबत न्याच. नुसतं जुनं माप देऊन भागणार नाही.

पैसे : शर्ट आणि पिनो मिळून शिलाई ६५० रुपये, शमीज १२० ला एक. आमच्या भागात गणवेशाची शिलाई याहून कमी आहे, पण आतलं काम दुप्पट आहे आणि ते दिसतं. जूनच्या गर्दीत कपडे सांगितलेल्या दिवसापेक्षा पाच दिवस उशिरा मिळाले. ते पाच दिवस जुन्या गणवेशात काढताना घरात पुन्हा तेच सगळं झालं, याचं वाईट वाटतं. काकू होजिअरीचं, म्हणजे विणीचं ताणलं जाणारं, कापड घेत नाहीत, त्यामुळं टी-शर्ट आणि लेगिंग्ज बाहेरूनच घ्यावे लागतात. तिथं मी मानेमागं लेबल छापलेलं आहे का बघतो आणि आत हात घालून शिवण चाचपतो. मोजे आम्ही उलटे करून घालतो, बोटांवरची शिवण बाहेर येते. लोकरीच्या स्वेटरवर अजून उपाय सापडलेला नाही.

नवा कपडा घरी तीन वेळा धुतल्याशिवाय तिच्या अंगावर चढत नाही. वासाची पावडर नाही, खळ तर नाहीच.

एडीएचडी जागच्या जागी आहे. औषध, थेरपी चालूच आहे, गृहपाठाला अजून चार वेळा उठते. पण बाई सांगतात की कॉलर ओढणं थांबलंय, आणि सकाळी आम्ही दोघं चहा-दूध बसून पितो.

दिवाळीचा फ्रॉक द्यायचा असेल तर काकूंकडं नवरात्राच्या आधी जा, नंतर त्या काम घेत नाहीत. आम्ही या रविवारी जाणार आहोत. लेकीला जरीचा काठ हवाय, आणि तो अंगाला न लागता कसा लावायचा हे ती स्वतःच काकूंना सांगणार आहे.