कर्मचाऱ्यांच्या फायली डिजिटल करताना: स्कॅन, ई-सही की मूळ कागद?

राजीनाम्यावरची सही माझी नाही, असं कोणी कामगार न्यायालयात म्हटलं की हस्ताक्षरतज्ज्ञ मूळ कागद मागतो. पेनाचा दाब किती, ते कुठे उचललं, कुठे थबकलं, हे स्कॅनमध्ये नीट कळत नाही. त्यामुळे ‘स्कॅन करा आणि रद्दीत घाला’ हा पर्याय सर्वांत स्वस्त असूनही आमच्या मते सर्वांत वाईट. मूळ दस्त हरवला किंवा नष्ट झाला तर कायदा दुय्यम पुरावा, म्हणजे त्याची प्रत, चालवून घेतो. पण तो तुम्हीच श्रेडरमध्ये घातला असेल, तर ही सवलत तुम्हाला का द्यावी, यावर समोरचा वकील अडवणारच.

दुसरा पर्याय, रोजच्या कामाला स्कॅन आणि कपाटात मूळ कागद, हा जुन्या फायलींसाठी योग्य. सगळंच जपायची गरज नाही. नेमणूकपत्राची पोच, राजीनामा, बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची लेखी हमी), माफीनामा, फुल अँड फायनलची, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबाची पावती, खातेनिहाय चौकशीतले जबाब: जिथे शाईची सही आहे आणि वाद होऊ शकतो, तेवढंच ठेवा. मार्कशीटच्या झेरॉक्स गेल्या तरी चालतील. स्कॅन 300 डीपीआय, रंगीत आणि दोन्ही बाजूंचं हवं. आवकचा शिक्का आणि तारीख बऱ्याचदा मागच्या बाजूला असते. प्रत्येक फाइलचा एसएचए-256 हॅश (फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा अंकाक्षरी ठसा) त्याच दिवशी काढून नोंदवा, शेजारी मूळ कागद कोणत्या खोक्यात आहे तो क्रमांक लिहा.

तिसरा पर्याय म्हणजे यापुढचे दस्त कागदावर न आणता थेट ई-सहीने करायचे. नव्या भरतीसाठी हाच घ्यावा, पण ‘ई-सही’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. आधार ई-साइन (आधारला जोडलेल्या मोबाइलवरच्या ओटीपीने होणारी सही) आणि डीएससी (डिजिटल सही प्रमाणपत्र) या दोन्हींना माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 हाताच्या सहीचा दर्जा देतो. स्क्रीनवर बोटाने ओढलेली रेघ किंवा ‘मला मान्य आहे’चं बटण आपोआप निरर्थक ठरत नाही, पण ते त्याच माणसाने केलं हे लॉग (कोणी, कधी, काय केलं याची संगणकातली नोंद), ईमेल आणि आयपी पत्त्यावरून तुम्हाला सिद्ध करावं लागतं. रजेचा अर्ज किंवा धोरण वाचल्याची पोच यांना ते पुरे. बाँडला नाही.

आधार ई-साइन कारखान्यात अडतं ते मोबाइलवर. कामगाराचं सिम बदललेलं, आधारला नंबर जुना, ओटीपी येतो भावाच्या फोनवर. मग सुपरवायझर फोन करून आकडे विचारतो आणि सही उरकतो. अशी सही उलटतपासणीत टिकणं कठीण. आधाराची सक्तीही करू नका; नको म्हणणाऱ्यासाठी कागदाची वाट उघडी ठेवा. मालकाच्या बाजूने डीएससी बरी, फक्त तिचं टोकन (सही साठवलेलं यूएसबी उपकरण) लेखापालाच्या खणात आणि पिन चौघांना पाठ, असं नको.

आणखी एक खोड सॉफ्टवेअरची. सही झालेली पीडीएफ अपलोड होताना काही प्रणाली प्रत्येक पानावर क्रमांक छापतात किंवा फाइल दाबून लहान करतात. सहीनंतर फाइल बदलली की डिजिटल सही पडताळणीत नापास होते. विकत घेण्याआधी एक सही केलेली फाइल चढवा, परत उतरवा, दोन्हींचा हॅश जुळवा. आणि सहीचा पुरावा पीडीएफमध्ये असतो; प्रिंटमध्ये तिचं फक्त चित्र उरतं.

न्यायालयात इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची तर प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020मध्ये ही अट ठामपणे सांगितली. 1 जुलै 2024पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63खाली त्याचे दोन भाग आहेत: अ भाग नोंद सादर करणाऱ्याचा, ब भाग तज्ज्ञाचा, दोन्हींत हॅश. क्लाउडवाल्याशी करार संपल्यावर लॉग कोण देणार, प्रमाणपत्रासाठी मदत कोण करणार, हे करारातच लिहून घ्या.

काही गोष्टी कागदावरच राहतात. कुलमुखत्यारपत्र आणि कर्मचारी कर्जाची वचनचिठ्ठी सर्वसाधारण आस्थापनेला इलेक्ट्रॉनिक करता येत नाही. पीएफचं नामनिर्देशन पोर्टलवर ई-साइनने होतं. ग्रॅच्युइटीच्या नामनिर्देशनाच्या जुन्या फॉर्म एफवर मात्र दोन साक्षीदारांच्या सह्या असतात, ते मूळ सांभाळा. ई-साइन केल्याने मुद्रांक शुल्कही टळत नाही; महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्यात दस्तऐवजाच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक नोंद येते. महाराष्ट्राचा 2017चा दुकाने व आस्थापना कायदा नोंदवह्या संगणकावर ठेवू देतो, पण सुविधाकाराने (तपासणीला येणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने) मागितल्यास सही केलेली छापील प्रत द्यावी लागते.

कपाटातला कागद डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023च्या बाहेर असतो. स्कॅन केला की आत येतो. नोकरीच्या कामापुरती माहिती वापरायला वेगळी संमती लागत नाही, पण सुरक्षेतल्या हलगर्जीला 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. नियम नोव्हेंबर 2025मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्यांना 18 महिन्यांची मुदत आहे. तेव्हा आधारच्या झेरॉक्स स्कॅनरवर ठेवण्याआधीच बाजूला काढा.