भरतीच्या अर्जावर सही कोणाची?

माझ्या थोरल्या भावाला यंदाच्या पावसाळ्यात मध्य मुंबईतील एका खासगी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात अकरा दिवस राहावे लागले. तेथील स्वच्छतेबद्दल तक्रार नाही, आणि आमटी रोज एकाच चवीची होती हेही सोडून देता येईल. मला लिहायचे आहे ते भरतीच्या पद्धतीबद्दल.

भरतीचे ठरताच आत्याने विचारले, "ठाण्याला नेणार का?" १९०१ साली तेथे मनोरुग्णालय सुरू झाल्यापासून मुंबईकराच्या बोलण्यात ठाण्याला हा दुसरा अर्थ चिकटला आहे. (त्याआधी, १८२६ पासून, असे इस्पितळ कुलाब्याला होते.) आत्याची भीती निराधार नव्हती. १९१२च्या कायद्याखाली नातेवाइकाचा अर्ज, दोन डॉक्टरांचे दाखले आणि दंडाधिकाऱ्याचा हुकूम एवढ्यावर माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध आत ठेवता येई, आणि तो कायदा १९९३ पर्यंत चालू होता.

येथे मात्र डॉक्टरांनी अर्ज माझ्याकडे न देता दादापुढे सरकवला. तो स्वतःच्या मर्जीने राहत आहे, घरी जायचे म्हणाला तर सोडावे लागेल, आणि तपासणीसाठी थांबवायचे झाले तरी चोवीस तासांहून अधिक नाही, हे २०१७च्या कायद्यातील कलम त्यांनी त्याला न कंटाळता दोनदा समजावले. शॉक उपचारासाठी वेगळी संमती घेतली. १९३८ साली रोममध्ये हा उपचार प्रथम झाला आणि पुढे कित्येक वर्षे तो भूल न देता केला जाई. आता भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध यांखेरीज तो करण्यास बंदी आहे, हे ऐकल्यावरच दादाने सही केली.

चौथ्या दिवशी या व्यवस्थेतली फट दिसली. दादा घरी जायचे म्हणाला, तेव्हा वॉर्डातील मामांनी "घरच्यांना विचारून सांगतो" असे उत्तर दिले, आणि त्याचा फोन काउंटरच्या कपाटात असल्याने त्याला आम्हांला कळवताही येईना. संपर्काचा हक्क त्याच कायद्यात आहे. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याची क्षमा मागून फोन परत दिला, आणि त्यानंतर आणखी आठवडाभर राहण्याचे त्यानेच ठरवले.

भूलतज्ज्ञांचे शुल्क बिलात वेगळे लागते, ते आधीच विचारून घ्यावे. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन गुण. उरलेला दीड गुण "रुग्णांचे मोबाईल काउंटरवर जमा करावेत" या पाटीचा. आम्ही निघालो तेव्हाही ती भिंतीवर होती.